कोणाच्या बालपणाचा निसर्ग?

ज्याचे बालपण निसर्गात गेले तो मोठेपणी वन्यजीवांच्या रक्षणासाठी उभा राहतो, हे विधान आता इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. उन्हाळी शिबिरांच्या पत्रकांत ते असते, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत असते आणि पाच जूनच्या भाषणांत तर असतेच असते. विधान खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमचा आक्षेप आहे तो हे विधान करताना वक्त्याच्या डोळ्यांसमोर जे बालपण असते त्याला. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, पाठीवर पाण्याची बाटली अडकवून रविवारी पहाटे टेकडीवर आणलेला मुलगा, असे ते चित्र आहे. त्याच टेकडीच्या पलीकडच्या उतारावर त्याच वयाचा एक मुलगा शेळ्या घेऊन निघालेला असतो. तो तेथे रोजच असतो. त्याच्या बालपणाला ‘निसर्गात गेलेले बालपण’ म्हणावे, असे मात्र कोणाच्या मनातही येत नाही.

आम्ही दोघे तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. समोरच्या बाकांवर ही दोन्ही बालपणे शेजारी शेजारी बसलेली असतात. त्यामुळे हा प्रश्न आमच्यापुरता तरी पुस्तकी राहिलेला नाही.

आधी विधानाच्या बाजूने काय आहे ते पाहू. अमेरिकेत थॉमस टॅनर यांनी १९८० मध्ये निसर्गरक्षणाच्या संस्थांत काम करणाऱ्यांना, तुम्ही या वाटेला कसे लागलात, असे विचारले. उत्तरांत पुन्हा पुन्हा आले ते लहानपणी रानात, पाण्याकाठी, मोकळ्या जागी काढलेले दिवस. पुढे लुईस चावला यांनी केंटकी आणि नॉर्वे येथील ५६ पर्यावरण-कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतही बालपणातले हे दिवस ठळकपणे आले, आणि त्यांच्या जोडीला घरातले एखादे वडीलधारे माणूस आले. नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीज यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक मोलाचा, कारण त्यांनी कार्यकर्त्यांना बाजूला ठेवून शहरांत राहणाऱ्या २००० सामान्य प्रौढांना विचारले. अकराव्या वर्षाच्या आत रानात भटकणे, तंबूत राहणे, मासे धरणे, इतकेच काय शिकार करणे, यांचा पुढच्या पर्यावरणविषयक वृत्तीशी आणि वर्तनाशी संबंध त्यांना आढळला. फुले तोडणे, बी पेरणे, बागेत राबणे यांचाही आढळला, पण क्षीण. निसर्गशिक्षणाच्या आखीव कार्यक्रमांचा मात्र तसा ठसा आढळला नाही. हा शेवटचा निष्कर्ष शिबिरांच्या पत्रकांत छापलेला आम्ही अजून पाहिलेला नाही!

आता शंका. टॅनर आणि चावला यांनी विचारले ते वाटेला लागलेल्यांना. ज्यांचे बालपण त्याच ओढ्याकाठी गेले आणि जे पुढे त्याच ओढ्यातली वाळू उपसणारे ठेकेदार झाले, त्यांना कोण विचारणार? आमच्या तालुक्यात वाळूच्या धंद्यात असलेले बहुतेकजण नदीकाठचेच आहेत. डोहात पोहायला ते कोणत्याही निसर्गप्रेमीच्या आधी शिकले. शिवाय मोठेपणी आठवलेले बालपण हा पुरावा म्हणून जरा जपूनच घ्यावा लागतो. आत्मचरित्रे शिकवण्यात ज्यांची उमेद गेली त्यांना हे वेगळे सांगायला नको. माणूस आज जो झालेला असतो त्याला शोभेल असेच बालपण त्याला आठवते. वेल्स आणि लेकीज यांचा अभ्यासही या आठवणींवरच उभा आहे. तेव्हा रानातल्या बालपणातून रक्षणाची वृत्ती आपोआप निपजते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. त्या बालपणातून ओळख निपजते, एवढे आम्ही मानतो. त्या ओळखीचे पुढे काय होते ही वेगळी गोष्ट आहे, आणि आमच्या मते खरी गोष्ट तीच आहे.

येथे भाषेकडे थोडे वळावे लागेल. ‘निसर्ग’ हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी कोणी बोलत नाही. ‘आज निसर्गात गेलो होतो’ असे वाक्य एकही शेतकरी उच्चारणार नाही. तो रानात जातो, माळाला जातो, ओढ्याला जातो, डोंगराला जातो. प्रत्येक जाण्याला काही काम चिकटलेले असते: गुरे चारायची असतात, सरपण आणायचे असते, करवंदे किंवा खेकडे आणायचे असतात. ‘निसर्ग’ हा काम संपल्यावर सुरू होणारा प्रदेश आहे, आणि ज्याचे काम तेथेच असते त्याला तो दिसत नाही, निदान त्या नावाने दिसत नाही. एकदा आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘माझा निसर्गानुभव’ असा निबंध घातला. मेंढपाळ घरातल्या एका मुलाने शाळेच्या सहलीत पाहिलेल्या महाबळेश्वरवर पानभर लिहिले. तांबूस सूर्यास्त, धुक्याची दुलई, सारे काही त्यात होते. तोच मुलगा वर्गाबाहेर बोलता बोलता सांगत होता की टिटवीने यंदा अंडी उंचवट्यावर घातली आहेत म्हणून पाऊस बरा होणार असे त्याचा आजा म्हणतो, आणि त्या अंड्यांवरून मेंढरे जाऊ नयेत म्हणून ते वाट वाकडी करतात. पावसाचे भाकीत खरे ठरते की नाही, हा वेगळा प्रश्न. पण वाट वाकडी करणे म्हणजेच वन्यजीवरक्षण, हे त्याला माहीत नव्हते. निबंधात लिहिण्याजोगे ते आहे असे त्याला वाटले नाही.

ते त्याला का वाटावे? अभ्यास न करणाऱ्या मुलाला मराठी शाळेत पिढ्यान्‌पिढ्या एकच धमकी दिली जाते: शिकला नाहीस तर गुरे राखशील. हे वाक्य ऐकल्याशिवाय सातवी पार केलेला माणूस महाराष्ट्रात शोधून काढावा लागेल. ‘रानटी’, ‘जंगली’, ‘गावंढळ’ या शिव्या आहेत. गुरे राखणाऱ्या पोराला होला, चंडोल, सातभाई, पखुर्डी, धाविक ही पाखरे आवाजावरून ओळखता येतात, घोरपडीचे बीळ आणि साळिंदराचे बीळ यांतला फरक कळतो, खोकड कोणत्या बांधाने जाते हे ठाऊक असते. पहिल्याच इयत्तेपासून त्याला शिकवले जाते ते असे की, तुझे हे ज्ञान म्हणजे तू अजून न शिकल्याची खूण आहे. चार बुके शिकून तो जेव्हा गावाबाहेर पडतो तेव्हा हे ज्ञान तो सर्वांत आधी टाकतो. पुढे त्याच माळावर सौर प्रकल्प आला, भूखंड पडले, तर ‘पडीक जमिनीचे सोने झाले’ असे म्हणणाऱ्यांत तोही असतो. सरकारदप्तरी माळाला ‘पडीक’ म्हणतात आणि शाळेत माळावरच्या पोराला ‘ढ’ म्हणतात. आम्हांला यांत फारसे अंतर दिसत नाही.

कोणी म्हणेल, ही गुरे राखणारी पोरे काही संत नसतात. बेचकीने पाखरे पाडतात, चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवतात, काडेपेटीत भुंगे कोंडतात, पोळी जाळतात. खरे आहे. पण निरागसपणा ही या कामाची पूर्वअट कधीच नव्हती. सालिम अली यांचे उदाहरण सर्वांना पाठ आहे, तरी त्यातला एक भाग नेहमी निसटतो. मुंबईत खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या या पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनाही ती ओळखता येईना, तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, आणि मुलाला घालवून न देता कपाटांतले पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक काढून दाखवले. ही हकिगत पुढे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या आत्मचरित्राच्या (१९८५) शीर्षकात जाऊन बसली. तिच्यातली चिमणी सर्वांना आठवते. आम्हांला महत्त्वाची वाटतात ती मिलार्ड यांची कपाटे. चिमण्या मारणारी मुले त्या काळी मुंबईत शेकड्यांनी असतील. मारलेली चिमणी हातात घेऊन आलेल्या मुलाचा प्रश्न खरा मानणारा माणूस त्यांतल्या किती जणांना भेटला असेल?

माधव गाडगीळ यांच्या लहानपणची गोष्ट याच जातीची. पुण्यात वाढणाऱ्या या मुलाला एक वेडा राघू दिसला, त्याच्या शेपटीतली तारेसारखी लांब पिसे नव्हती. हा निराळा पक्षी की काय? वडिलांनी, म्हणजे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी, सालिम अलींनाच पत्र लिहून विचार असे सुचवले. मुलाने पत्र लिहिले आणि उत्तर आले: ही पिसे झडून नवी येतात, तेवढ्या काळात पक्षी असा दिसतो. एवढेच. मिलार्ड काय किंवा सालिम अली काय, यांनी मुलाला काही ‘संस्कार’ केला नाही, प्रतिज्ञा दिली नाही, घोषणा म्हणायला लावली नाही. त्याने जे पाहिले ते पाहण्याजोगे होते, एवढे मान्य केले. वेल्स-लेकीज यांना आखीव कार्यक्रमांचा ठसा का दिसला नसावा, याचे उत्तर कदाचित येथे असेल. कार्यक्रमात प्रश्नही मार्गदर्शकाचा असतो आणि उत्तरही त्याचेच.

एका मुलाला तय्यबजींचे घर मिळाले, दुसऱ्याला गाडगीळांचे. ज्याच्या घरी असे कोणी नसते, त्याच्या ओळखीला मानणारे कोणी गावाबाहेरून आले तर काय होते, हे पाहायचे असेल तर रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला जावे. ऑलिव्ह रिडले कासवांची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करते, अंडी घालते, खड्डा बुजवून परत जाते. सकाळी उरतात त्या वाळूवरच्या खुणा. त्या वाचून नेमके घरटे शोधणे हे सोपे काम नाही. किनाऱ्यावरच्या लोकांना ते येत होते, कारण अंडी काढून खाण्या-विकण्याची रीत होती. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने तेथे संरक्षणाचे काम सुरू केले ते याच गावकऱ्यांना घेऊन. घरटी शोधून अंडी कुंपणात हलवायची, पिले निघाली की समुद्रात सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे उतरू लागले, चार पैसेही येऊ लागले. पैशाचा भाग आम्ही कमी लेखत नाही. पोट भरल्याशिवाय कोणतेही रक्षण टिकत नाही. पण एक बाब लक्षात घ्यावी: अंडी चोरणारा डोळा आणि अंडी वाचवणारा डोळा एकच होता. बालपणापासून वाळू वाचत आलेला तो डोळा कोणत्याही शिबिरात तयार करता आला नसता. वाशीम-अकोल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून तितर-बटेर धरणाऱ्या फासेपारध्यांतून गवताळ राने राखणारे लोक उभे राहिले, तेथेही हेच म्हणावे लागते. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या प्रकारच्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांतली ही एक. तिच्या मुलांना तणमोर कोठे नाचतो हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आमच्या विषयाकडे पाहिले तरी हाच धागा दिसतो. मराठीत अरण्यावर जे उत्तम लिहिले गेले त्याच्या मागे अशी अनेक अनाम बालपणे उभी आहेत. १८ जून २०२५ रोजी सोलापुरात निवर्तलेले मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. त्याच वर्षी त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली होती. त्यांनी मराठीला दिलेले ‘सारंगागार’, ‘काकागार’ असे शब्द कौतुकाने सांगितले जातात. पण त्यांच्या लेखनातले पाणपक्षी, मासे, झाडे यांच्याविषयीचे ज्ञान नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून, ढिवरांकडून, आदिवासी वाटाड्यांकडून आलेले आहे, आणि चितमपल्लींनी ते कधी लपवले नाही. एका अधिकाऱ्याने वाटाड्याचे म्हणणे कोशात घेण्याच्या लायकीचे मानले, ही आमच्या मते त्यांच्या शब्दनिर्मितीहून मोठी गोष्ट आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे बालपण माणदेशातल्या माळावरचे. बंदूक घेऊन हिंडलेला हा लेखक पुढे नुसते पाहण्यासाठी नागझिऱ्याला जाऊन राहिला, आणि वानरांच्या टोळ्यांवरच्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माळावरच्या पोराने माळ न टाकता लेखक होता येते, याचा हा पुरावा. आमच्या वर्गात ‘बनगरवाडी’ शिकवताना धनगरांची मुले प्रथमच मान वर करून बसतात, हे आम्ही पाहिले आहे.

मात्र या साऱ्याला एक मर्यादा आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्नर-शिरूरकडच्या मुलाचेही बालपण वन्य प्राण्यांच्या शेजारी जाते. धरणांचे पाणी आले, ऊस आला, उसात बिबट आला. आता तेथील बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. २००१ ते २००३ या काळात हल्ले वाढले, बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले आणि त्याने हल्ले थांबण्याऐवजी आणखी वाढले, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात मुले बळी पडली तेव्हा गावकऱ्यांचा संताप सर्वांनी पाहिला. तेथील मुलाला दिवस मावळल्यावर अंगणात जाऊ देत नाहीत. त्याला ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ वाढण्याचे महत्त्व कोणी सांगू नये. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला वारली पाड्यांवर वाघोबा पुजला जातो, त्याच्याशी बिबट्यासोबत जगण्याची एक रीत जोडलेली आहे, आणि तिचे गुणगान आजकाल बरेच होते. पण वाघोबाचे ठाणे नसलेल्या गावात, ऊसतोडणीसाठी चार महिन्यांपुरते कोपीत येऊन राहिलेल्या कुटुंबाच्या मुलाला ती रीत कोठून मिळावी? त्याचे बालपण रानात आहे, ओळख मात्र भीतीची आहे, आणि ती भीती खोटी नाही. त्याच्या घरापाशी दिवा, शौचालय आणि बंद होणारे दार आले, तर बिबट्याविषयी दुसरे काही त्याच्या कानावर घालता येईल. त्याआधी बोलण्याचा अधिकार आम्हांलाही नाही आणि सफारीच्या जीपमध्ये बसून बिबट्याची छायाचित्रे काढणाऱ्यांनाही नाही.

शाळा-महाविद्यालयांनी काय करावे? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर आणण्याचे निर्देश दिले. २००३ मध्ये त्यांची पुन्हा आठवण करून द्यावी लागली आणि त्यानंतर पदवीच्या वर्गांनाही तो अभ्यासक्रम सक्तीचा आला. त्याचे पुढे काय झाले हे प्राध्यापकमंडळी जाणतात. ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात तो विषय पडतो, आणि प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात बांधून तयार मिळतात. ओझोनच्या थरापासून ॲमेझॉनच्या अरण्यापर्यंत सारे त्यांत असते, गावचा ओढा तेवढा नसतो.

दुसरीकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आली. तिच्यामागे गाडगीळ यांच्यासारख्यांचा बराच विचार होता. गावातल्या जाणत्यांना काय ठाऊक आहे ते त्यांच्या नावाने लिहून ठेवायचे, ही कल्पना मुळात फार सुंदर आहे. गुराख्याच्या ज्ञानाला सरकारी कागदावर प्रथमच जागा मिळत होती. पण बरीच वर्षे ती कल्पनाच राहिली. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, त्यानंतर राज्यांना महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड सांगितला, आणि अनेक ठिकाणी घाईघाईने नोंदवह्या भरल्या गेल्या. घाईने भरलेल्या वहीत शेजारच्या गावची झाडे उतरतात, आणि जाणत्यांच्या रकान्यात बहुधा ज्यांचे दार जवळ असते त्यांची नावे येतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, त्यामागे गावाने वर्षानुवर्षे बसून केलेला अभ्यास होता. तो मुदतीत करून घेता आला नसता.

आमच्या विद्यापीठीय चौकटीत एवढे मात्र सहज बसते: पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्याने आपल्याच गावच्या नोंदवहीतली दहा पाने तपासावीत, चुकलेले दुरुस्त करावे, राहिलेले भरावे, आणि नावे गावात बोलतात तशीच लिहावीत. भारद्वाजाला ‘कुक्कुडकुंभा’ म्हणत असतील तर कुक्कुडकुंभा. प्रत्येक नोंदीखाली ती कोणाकडून मिळाली ते लिहावे, मग तो आजा असो, चुलती असो, की स्वतः विद्यार्थी असो. विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांनी शास्त्रीय नावे जोडून द्यावीत, मराठी विभागाने उच्चार आणि अर्थ पाहावेत. यंदा दुसऱ्या वर्षाच्या काही मुलांना आम्ही हेच काम द्यायचे ठरवले आहे. गुणदानाच्या तक्त्यात ‘माहिती देणाऱ्याचे नाव’ असा रकाना नाही, तो हाताने आखावा लागेल. ग्रामसेवकांनी मूळ नोंदवही पाहायला दिली तर उत्तमच. न दिली तर कोऱ्या वहीपासून सुरुवात करू.